थिबोडोची राहिलेली मारामारी

११ ऑक्टोबर १९८८

डॉक्टर पेल्कीबाईंनी सांगितलं म्हणून लिहायला बसलो आहे. नाहीतर माझा आणि लिहिण्याचा संबंध शाळेतच तुटला, आणि दोघांनाही त्याचं दुःख नव्हतं. "रोज चार ओळी लिही, मॅक. काय खाल्लं, कोण भेटलं." मी म्हटलं, "बाई, मी हॉकी खेळतो, मंत्री नाही." त्या हसल्या नाहीत. शिकलेल्या बायकांना विनोद कळत नाही.

तर नाव लॉयल मॅकआयझॅक. धंदा हॉकी. ग्रॅनाइट बे लॉगर्स या संघाकडून खेळतो. मोठ्या लीगमध्ये कधी गेलो नाही, पण मोठ्या लीगमध्ये गेलेल्या बऱ्याच लोकांचे दात मी पाडले आहेत, त्यामुळे तिथं माझा थोडाफार वाटा आहे असं मी मानतो. गोल करणं हे माझं काम नाही. गोल करणारी आमची पोरं असतात काटकुळी. त्यांना कुणी ढुशी दिली की बाकावरून उठून त्या माणसाला "काय रे?" असं विचारायला जायचं, हे माझं काम. मग दोघांनी हातमोजे बर्फावर टाकायचे आणि एकमेकांना बडवायचं. लोक उभे राहून टाळ्या वाजवतात. पंच दोघांनाही पाच मिनिटं बाहेर बसवतो. प्रामाणिक धंदा आहे.

गेल्या महिन्यात डोकं आपटलं. घराच्या पायरीवर बर्फावरून पाय घसरला. खरं तर घसरलेलं आठवत नाही, पण गालाखाली गारेगार बर्फ होता हे पक्कं आठवतं, म्हणजे घसरलोच असणार. सप्टेंबरात बर्फ म्हणजे जरा लवकरच, पण उत्तर ऑन्टॅरिओच्या हवेचा काय भरवसा!

आज मीटलोफ खाल्लं. ग्वेन भेटली. ती माझी बायको आहे. झाल्या चार ओळी.

१९ ऑक्टोबर

संघाच्या डॉक्टरने पापणी वर करून पाहिलं आणि "खेळ" म्हणाला. असा डॉक्टर असावा. पेल्कीबाई पाऊण तास बोलतात.

गाडीच्या किल्ल्या फ्रिजमध्ये लोण्याशेजारी सापडल्या. ग्वेनला म्हटलं, "असं कुठं ठेवतात का किल्ल्या?" ती काही बोलली नाही. चूक कळली की माणूस गप्प बसतो.

२ नोव्हेंबर

आज आकाश कोसळलं. रेजां थिबोडो आमच्या संघात आला.

पुढेमागे कुणी हे वाचलंच तर त्याला कळावं म्हणून सांगतो. रेजां थिबोडो हा क्वेबेकचा रेडा. माझ्यासारखाच धंदा, फक्त समोरच्या संघात. वर्षानुवर्षं आम्ही एकमेकांना बदडत आलो आहोत. माझं नाक त्याच्यामुळे डावीकडे आहे, आणि त्याचा कान माझ्यामुळे फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा झाला आहे. गेल्या एप्रिलमध्ये मी त्याला असा आडवा केला की त्याच्या लोकांनी त्याला दोन्ही काखांत धरून नेला. माझ्या आयुष्यातली सर्वांत देखणी मारामारी.

आता आमच्या धंद्यात एक रिवाज आहे. ज्याला पाडलं, त्याला पुढच्या मोसमात पुन्हा एक मारामारी द्यायची. त्याने मागितली की नाही म्हणायचं नाही. नाहीतर तो माणूस गावोगाव तोंड खाली घालून फिरणार. म्हणजे थिबोडोची एक मारामारी माझ्याकडे राहिली आहे. आणि आता तो माझ्याच संघात! आपल्याच माणसाला मारायचं नाही, हाही रिवाजच. मग फेडायची कशी?

कोच अर्ल स्टकीला विचारलं, "एका म्यानात दोन तलवारी कशाला?"

"तलवारी?" तो म्हणाला. "मॅक, मला तर गंजलेले दोन कोयते दिसतात. जानेवारीअखेर एकालाच ठेवणार आहे. मालकाचा हुकूम."

म्हणजे मी किंवा थिबोडो. छत्तिसाव्या वर्षी मला दुसरा कुठला संघ विचारणार? आणि हॉकी सोडून मला दुसरं येतं काय? एकदा ग्वेनच्या भावाने त्याच्या लाकडाच्या वखारीत ठेवून घेतलं होतं. एक गिऱ्हाईक जरा चढ्या आवाजात बोललं, तर मी सवयीने हातमोजे काढले.

९ नोव्हेंबर

बसचा प्रवास. कोचने मला आणि थिबोडोला हॉटेलात एकाच खोलीत टाकलं. हा माणूस विणतो! बोटांचे सांधे मोकळे राहावेत म्हणून हाताच्या सर्जनने सांगितलं म्हणे. रात्री पलंगावर बसून, चष्मा लावून, लोकरीचा गुंडा मांडीवर. याच्यासमोर मी इतकी वर्षं रक्त सांडलं याची मला लाज वाटली.

सकाळी उठल्या उठल्या मला विचारतो, "मॅक, आज वार कोणता? आपण कुठल्या गावात आहोत?"

"तुला माहीत नाही?"

"मी विसरतो रे," तो म्हणाला. "तू सांग."

मी गुरुवार म्हणालो. निघाला बुधवार. पण ज्याला स्वतःलाच वार आठवत नाही त्याने मला दुरुस्त करावं, हे अजब आहे.

२७ नोव्हेंबर

चोर! थिबोडो हा चोर आहे.

काल त्यांच्या एका दांडगटाने आमच्या छोट्या पेरोला भिंतीवर चेपला. माझं काम. मी बाकावरून एक पाय टाकतोय तोवर थिबोडो माझ्या डोक्यावरून उडी मारून पुढे! हातमोजे टाकले, दोन ठोसे खाल्ले, चार दिले, परत आला. मागच्या आठवड्यातही तेच. त्याच्या आधीही तेच. म्हटलं, "ती माझी होती." म्हणतो, "पुढची तुझी." पुढची कधी येतच नाही.

त्याचा डाव मला कळतो. जानेवारीअखेर कोच हिशोब करणार, याने किती मारामाऱ्या केल्या आणि त्याने किती. माझ्या नावापुढे भोपळा. लोक आता "थि-बो! थि-बो!" ओरडतात. याच गावात माझ्या नावाचं सँडविच मिळतं, आणि लोक ओरडतात कुणाचं नाव!

१४ डिसेंबर

सरावानंतर कपडे बदलताना नव्या पोरांना एप्रिलची गोष्ट सांगितली. थिबोडो समोरच बसला होता. म्हटलं, ऐकू दे त्यालाही. उजव्या हाताने कशी कॉलर धरली, डावा कसा खालून आला, सगळं उभं राहून करून दाखवलं. एरवी पोरं खिदळतात. आज सगळे खाली वाकून बुटांच्या नाड्या सोडत होते. पेरोच्या पायात तर बूट नव्हतेच.

शेवटी थिबोडोच म्हणाला, "हो, असंच झालं. फार जबरदस्त ठोसा होता. मी तर दोन दिवस उभा राहू शकलो नाही."

दोन दिवस? तो पुढच्याच सामन्यात खेळला होता! हरलेला माणूस स्वतःची हार वाढवून कशाला सांगेल? पाणी कुठंतरी मुरतं आहे.

"तुझी मारामारी राहिली आहे माझ्याकडे," मी म्हटलं. "विसरलेलो नाही."

"माहीत आहे," तो म्हणाला, आणि टॉवेल घेऊन आंघोळीला गेला. त्याची आंघोळ आधीच झाली होती.

२६ डिसेंबर

नाताळच्या जेवणाला ग्वेनने थिबोडोला बोलावलं! त्याची आई रिमूस्कीला, बायको सोडून गेलेली, म्हणून कीव आली म्हणे. आईने पाठवलेला खिमा भरलेला मोठा पॅटिस घेऊन आला. पॅटिस चांगला होता. मी तीन तुकडे खाल्ले, पण कौतुक केलं नाही.

जेवणानंतर सॉससाठी स्वयंपाकघरात गेलो तर दोघं कुजबुजत होते.

ग्वेन म्हणत होती, "त्याला सांगायला हवं, रेजां."

"तू सांग. तू बायको आहेस."

"मी सांगून थकले. आता तू सांग. तूच आहेस ना तिथं."

मला पाहिल्यावर दोघंही भांडी पुसायला लागले. एकच ताट दोघं मिळून.

आधी मनात भलतंच आलं. मग विचार केला. ग्वेन तशी नाही, आणि थिबोडोचा कान तसा नाही. मग उलगडलं. माझ्या वाढदिवसाचा बेत चालला आहे! वाढदिवस जुलैत असतो, पण ग्वेनला सगळं आधीपासून करायची सवय आहे. मी सॉस घेऊन परत आलो. आनंद होऊ द्यावा माणसांना.

८ जानेवारी १९८९

पेल्कीबाईंकडे गेलो. बाईंनी पाच शब्द सांगितले, इकडच्या तिकडच्या गप्पा मारल्या, मग म्हणाल्या, ते शब्द सांग. मी दोन सांगितले. उरलेले तीन काही महत्त्वाचे नव्हते.

बाई म्हणाल्या, "मॅक, आणखी एक जोराचा ठोसा बसला, तर कदाचित तू ग्वेनला ओळखणार नाहीस."

मी म्हटलं, "बाई, लग्नाला पंधरा वर्षं झाली. तशीही ती मला पूर्ण ओळखू येत नाही."

या वेळी ग्वेन सोबत होती. तीही हसली नाही. परतताना गाडी तीच चालवत होती. मी रेडिओ लावला, तिने बंद केला.

२१ जानेवारी

कोच म्हणाला, "पुढच्या शनिवारी आयर्न हार्बरशी सामना आहे. त्यानंतर ठरवतो. पण मॅक, खरं सांगू? दोन महिन्यांत तू एकदाही हातमोजे काढले नाहीस."

"काढू कसे? तो आधी काढतो!"

"मला निकाल दिसतो, कारण दिसत नाही," कोच म्हणाला आणि माझ्याकडे न बघता शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत बसला. हा माणूस मला तरुणपणापासून ओळखतो. नजर चुकवणारा हा कधी नव्हता.

ठरलं तर मग. थिबोडोची राहिलेली मारामारी सरावात, सगळ्यांदेखत, फेडून टाकायची. आपल्याच माणसाला मारायचं नाही हा रिवाज आहे, पण मारामारी बाकी ठेवायची नाही हा त्याहून जुना. आणि पुन्हा आडवा केला की कोचला काही विचारायला लागणार नाही.

२३ जानेवारी

हे नीट लिहायला हवं.  

सकाळी सराव. मी मधल्या गोलात जाऊन उभा राहिलो आणि हातमोजे टाकले. ओरडलो, "थिबोडो! ये. तुझी राहिली आहे ती घे."

"हातमोजे घाल, मॅक," तो म्हणाला.

"घाबरलास?"

"हो."

आमच्या धंद्यात हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. चिडून गेलो आणि डावा हात फिरवला. तो तिथं नव्हताच. पुन्हा फिरवला. त्याने माझ्या दोन्ही बाह्या पकडल्या आणि छातीला छाती लावून मला घट्ट धरून ठेवलं, मारलं मात्र नाही. मी लाथाबुक्क्या मारतोय आणि हा रेडा धरून उभा. मग माझ्या कानात म्हणाला, "ती झाली, मॅक. तू फेडलीस."

"कधी?"

"सप्टेंबरात. मोसमाआधीच्या सामन्यात. त्या कोपऱ्यात."

"खोटं. सप्टेंबरात मी पायरीवर घसरलो होतो. बर्फावर."

"कुठला बर्फ, मॅक?"

मी आजूबाजूला पाहिलं. पोरं खाली बघत होती. पेरो रडत होता, काटकुळं कार्टं. कोचने पाठ फिरवली होती. आणि माझ्या पायाखाली हाच गारेगार बर्फ होता.

"कोण जिंकलं?" मी विचारलं.

 त्याने माझ्या बाह्या आणखी घट्ट धरल्या.

मग आम्ही शिक्षेच्या बाकड्यावर जाऊन बसलो, दोघंच. पंच नव्हता, तरी तिथंच गेलो, सवयीने. त्याने सांगितलं. माझ्या हेल्मेटचा पट्टा सुटला, मी पडलो, डोकं आधी आपटलं. "मी मारलं त्याने नाही, बर्फाने झालं, असं मी रोज स्वतःला सांगतो," तो म्हणाला. "ते खरं आहे का, मला माहीत नाही. मी दवाखान्यात आलो, तर तू नर्सला एप्रिलची गोष्ट सांगत होतास. मला बघून म्हणालास, 'ये रे, तुझी एक राहिली माझ्याकडे.' इतका खुशीत होतास! मी म्हटलं, राहू दे."

"आणि या संघात कसा आलास?"

"मागून घेतलं. कमी पगारावर."

"माझी भांडणं चोरायला?"

"हो," तो म्हणाला. "सगळी."

"आणि ते रोज सकाळी वार विचारणं?"

"डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं. मला वार आठवतात, मॅक."

मला त्याला मारावंसं वाटत होतं, आणि त्याच्या खांद्यावर डोकं टेकून रडावंसंही वाटत होतं. मी दोन्हीपैकी काहीच केलं नाही. म्हटलं, "निदान चांगला भांडलो का?"

"फार चांगला," तो म्हणाला. या वेळी खरं बोलत होता की नाही, कुणास ठाऊक.

२४ जानेवारी

ग्वेनला विचारलं, "सगळ्या गावाला ठाऊक होतं. मला का नाही सांगितलं?"

ती कपड्यांच्या घड्या करत होती. म्हणाली, "सकाळी सांगायची. तू चिडायचास, दार आपटायचास. दुपारपर्यंत तू पुन्हा जिंकलेला असायचास. किती वेळा हरवू तुला मी एकटीने?"

मी घड्या करायला बसलो. मला घड्या करता येत नाहीत. तिने त्या पुन्हा केल्या.

फार वाईट वाटतं आहे. हरल्याचं नाही. म्हणजे, हरल्याचंही.

२९ जानेवारी

काल शनिवारचा सामना झाला. सगळं ओळीने लिहितो.

आयर्न हार्बरकडे डेल ओस्टरमन म्हणून नवा पोरगा आहे. विशीतला, दाराएवढा. दुसऱ्या सत्रात त्याने पेरोला आडवा केला. बाकावर माझ्या शेजारी रेजां बसला होता. सवयीने तो उठायला लागला, तसा कोचने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "बस. मॅकची आहे." मग मला म्हणाला, "मॅक, जा. ही केलीस तर वर्षभराचा करार. मालकाशी बोललोय मी." त्याला वाटलं तो माझं भलं करतो आहे. खरंच वाटत असावं.

मी बर्फावर उतरलो. लोक उठून उभे राहिले. "मॅक! मॅक!" कितीतरी दिवसांनी. अंगावर काटा आला, कशाला खोटं सांगू? ओस्टरमन सरकत सरकत माझ्यासमोर आला. रिवाजाप्रमाणे विचारलं, "काय आजोबा, करायची का?"

या प्रश्नाचं उत्तर मी जन्मात एकच दिलं आहे. तोंडाशी आलंही होतं. मग वर, लोकांमध्ये, ग्वेनचा निळा कोट दिसला, आणि मला वाटलं, हा कोट कुणाचा आहे हे मला कळतं आहे. अजून कळतं आहे.

"नको," मी म्हटलं.

"काय?"

"नको, पोरा. मला नाही भांडायचं."

त्याने तोवर हातमोजे टाकलेसुद्धा होते. मुठी वर करून उभा. आता मुठींचं काय करावं, हे त्याला कळेना. लोक हुर्यो उडवायला लागले. मला एक कागदाचा पेला लागला, कॉफीचा. ओस्टरमन आमच्या बाकाकडे वळला, रेजांला खुणावलं. रेजांने मान हलवली आणि पाणी प्यायला. मग त्या बिचाऱ्याला भरलेल्या स्टेडियमसमोर वाकून स्वतःचे हातमोजे गोळा करावे लागले. एक जवळच होता. दुसरा सरकत पार गोलपाशी गेला होता. तिथवर तो गेला, वाकला, आणि हातमोजा पुन्हा निसटला. हुर्यो बंद होऊन सगळं स्टेडियम हसायला लागलं. मीसुद्धा हसलो. मग त्याचे लाल झालेले कान दिसले आणि हसू गेलं. विसाव्या वर्षी माझेही असेच झाले असते. तेव्हा कुणीतरी मला नको म्हणायला हवं होतं.

सामना संपल्यावर कोच म्हणाला, "उद्या ये, मॅक. बोलू."

"आत्ताच बोल," मी म्हटलं. "उद्या माझ्या लक्षात राहील न राहील."

तो हसला, मग हसायचा थांबला. "संपलं, मॅक," म्हणाला, आणि मला मिठी मारली. अर्ल स्टकी मिठी मारतो हे मला माहीत नव्हतं. त्यालाही नसावं.

घरी जाताना गाडी ग्वेन चालवत होती. पुलाच्या पुढे तिने गाडी बाजूला घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडायला लागली. मी घाबरलो, म्हटलं कुणी गेलं की काय! "काय झालं गं?" म्हणते, "काही झालं नाही. आज काहीच झालं नाही, लॉयल." आणि आणखीच रडली.

म्हणून हे सगळं लिहून ठेवतो आहे. ग्वेन, उद्या-परवा मी कुणाला सांगायला लागलो, की शेवटच्या सामन्यात मी त्या ओस्टरमनला एका ठोशात आडवा केला, तर हे पान काढायचं आणि सगळ्यांसमोर मला मोठ्याने वाचून दाखवायचं. मी चिडेन, दार आपटेन. तरी वाचायचं. मी त्याला हातही लावला नाही.